कुटुंब न्यायालयासाठी वकील आणि त्यांची फी : अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

पुण्यातील शिवाजीनगरच्या कुटुंब न्यायालयात मी घटस्फोटाचा आणि अंतरिम (दावा चालू असेपर्यंतच्या) पोटगीचा अर्ज दाखल केला, त्याला अकरा महिने झाले. या काळात मला एकदा वकील बदलावे लागले.

पहिले वकील नात्यातल्या एका गृहस्थांनी सुचवले होते. पंचवीस हजार रुपये आगाऊ आणि पुढे दर तारखेला दोन हजार, ही त्यांची बोली मी घाबरलेल्या मनःस्थितीत, पावतीही न मागता मान्य केली. कौटुंबिक दाव्यात तारखेगणिक फी ठरवू नये, असे माझे आता ठाम मत आहे. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ नुसार समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य असल्यामुळे आमच्या सुरुवातीच्या तीन तारखा विवाह समुपदेशकांपुढे गेल्या, तिथे आम्हा दोघांनाच बोलायचे होते आणि वकिलांना काही काम नव्हते. तरीही त्यांचे सहा हजार मला मोजावे लागले. चौथ्या महिन्यात न्यायालयीन खटल्यांची माहिती देणाऱ्या ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर, म्हणजे खटल्याचा सोळा अक्षर-अंकी ओळख क्रमांक टाकून मी नोंदी वाचल्या, तेव्हा पोटगीच्या अर्जावर दोन्ही वेळा मुदत आमच्याच बाजूने मागितली गेल्याचे दिसले. मुलाच्या शाळेची फी मी तेव्हा उसनवारीने भरत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पहिल्या वकिलांची ना हरकत मिळवून कागदपत्रे परत घेण्यात तीन आठवडे गेले.

सध्याच्या वकील मला न्यायालयाच्या आवारातच भेटल्या. एका वृद्ध पक्षकार बाईंना त्या रोजनाम्यातील (न्यायालयाच्या दैनंदिन नोंदीतील) प्रत्येक ओळ शांतपणे समजावून सांगत होत्या. सल्ल्याचे एक हजार रुपये घेऊन त्यांनी आधी माझी संपूर्ण फाइल वाचली आणि मगच फीचा विषय काढला. वकीलपत्र व पोटगीच्या अर्जाचे पंधरा हजार, साक्षीपुराव्याचे पंचवीस हजार, अंतिम युक्तिवादाचे पंधरा हजार, आणि टंकलेखन, नोटरी व नकलांचा खर्च प्रत्यक्ष पावतीप्रमाणे, असे त्यांनी कागदावर लिहून दिले. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालामुळे पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यासाठी बँकेचे उतारे आणि पगारपत्रके त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून मागून घेतली. आठव्या महिन्यात अंतरिम पोटगी मंजूर झाली, तीही अर्जाच्या तारखेपासून. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २४ खाली दाव्याच्या खर्चापोटी वीस हजारही मिळाले, ज्याची मागणी करता येते हे मला आधी कोणी सांगितलेच नव्हते.

माझ्या या वकील दिवसा फोन घेत नाहीत आणि संध्याकाळी सातनंतरच उत्तर देतात, एवढी एक अडचण मला जाणवते.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, ही गोष्ट मला नवव्या महिन्यात समजली. ज्यांच्याकडे सुरुवातीलाच पैसे नाहीत, अशा भगिनींनी दागिने गहाण ठेवण्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अवश्य जावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझ्या दाव्यात आता साक्षीपुरावा सुरू झाला असून दुसऱ्या टप्प्याची रक्कम मी बँकेमार्फत भरली आहे. तिची पावती फाइलमध्ये आहे.