ईटीसीकीपर आणि टेस्टएसएसएल: वाचनालयाच्या सर्व्हरवर काही महिने वापरल्यानंतर

फोंडा तालुक्यातील आमच्या वाचनालयाची ग्रंथसूची कोहा या वाचनालयांसाठीच्या मुक्त प्रणालीवर चालते. डेबियन ही लिनक्स प्रणाली, पुढे एनजिनएक्स हा वेब-सर्व्हर आणि संस्थळाची ओळख पटवणारे लेट्स एन्क्रिप्टचे मोफत प्रमाणपत्र अशी नेहमीचीच मांडणी असल्यामुळे तिचे वर्णन येथे करत नाही. संरचना-फाइलींतील बदलांची नोंद ठेवणारे ईटीसीकीपर आणि प्रमाणपत्र व सुरक्षित जोडणी तपासणारे टेस्टएसएसएल ही दोन साधने बसवावी लागली ती एका वादामुळे. जत्रांच्या नाटकांचे दिवस जवळ आले की गावोगावची मंडळी आमच्याकडील नाट्यसंहिता शोधू लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत अनेकांच्या मोबाइलवर सूचीऐवजी प्रमाणपत्राचा इशारा दिसू लागला. वाचनालयातील ब्रॉडबँडवर मात्र सारे सुरळीत होते. देखभालीचे कंत्राट असलेल्या संस्थेने ‘आमच्याकडे उघडते’ एवढे उत्तर देऊन तक्रार बंद केली.

निकाल लागला तो एसएसएल लॅब्ज या संस्थळाच्या मोफत चाचणीने. तिथे एकाच नावाखाली इंटरनेटचे दोन पत्ते दिसले: जुन्या पद्धतीच्या आयपीव्ही4 वर सर्व ठीक, नव्या पद्धतीच्या आयपीव्ही6 वर आमच्या जुन्या संस्थळाचे प्रमाणपत्र. एनजिनएक्सच्या संरचनेत सूचीच्या ब्लॉकला केवळ 443 ची, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या पोर्टची आयपीव्ही4 साठीची, ओळ होती. [::]:443 ही आयपीव्ही6 साठीची ओळ फक्त जुन्या संस्थळाच्या ब्लॉकमध्ये उरली होती, त्यामुळे आयपीव्ही6 वरून येणारा प्रत्येक वाचक, म्हणजे इशारा दिसणारी ती मोबाइलवरची मंडळी, तिकडे जात होता. ती ओळ जोडायला क्षणभर पुरला, परंतु ती कोणी आणि कशासाठी काढली होती हे सांगणारा कागद, मेल किंवा टिपण कोणाकडेही नव्हते. वर्षभराच्या कंत्राटाचे पैसे मोजूनही ही अवस्था असावी, याचा मला आजही राग येतो.

जोई हेस यांनी लिहिलेले ईटीसीकीपर संपूर्ण ईटीसी निर्देशिका, म्हणजे सर्व्हरच्या संरचना-फाइली, गिट या बदलांचा इतिहास राखणाऱ्या प्रणालीत ठेवते, फाइलींचे मालक आणि परवानग्या वेगळ्या नोंदवते, आणि एपीटी या डेबियनच्या साधनाने काही सॉफ्टवेअर बसवले की आधीची व नंतरची स्थिती आपोआप जतन करते. सुरुवातीला हे आपोआप होणे मला त्याचा सर्वांत मोठा गुण वाटला होता, आणि कार्यकारिणीपुढे मी तसे सांगितलेही.

डेबियन 11 वरून 12 वर जाताना ते मत बदलले. अद्ययावत करताना डीपीकेजी हे पॅकेजे बसवणारे मूळ साधन प्रत्येक बदललेल्या फाइलीपाशी थांबून विचारते की तुमची प्रत ठेवायची की नवी घ्यायची. तिथे इतिहास उघडला, तर ओळीमागून ओळ ‘डेली ऑटोकमिट’ (रोजची आपोआप नोंद) एवढेच लिहिलेले. काय बदलले ते कळते, का बदलले ते कळत नाही, आणि त्या क्षणी उत्तर हवे असते ते ‘का’चेच. ज्या थोड्या नोंदी हाताने लिहिल्या होत्या, त्या फाइलींचा निर्णय वाचताक्षणी झाला. उरलेल्यांसाठी रात्र गेली. इतक्या चांगल्या साधनाने मूळ मांडणीतच कारण न लिहिलेल्या नोंदींना मोकळीक द्यावी, हे मला पटत नाही.

उपाय साधनातच आहे. त्याच्या संरचना-फाइलीत रोजची आपोआप नोंद बंद करता येते, आणि हाताने केलेला बदल नोंदवलेला नसेल तर एपीटीचे काम थांबवण्याची सोयही आहे. मात्र टिपण राहिले तर सुरक्षेची अद्यतनेही अडतात, हे लक्षात ठेवूनच ती वापरावी. आम्ही दोन्ही केले. आता आमची नोंद अशी असते: ‘सूचीच्या ब्लॉकला [::]:443 जोडले. कारण: मोबाइलवर जुन्या संस्थळाचे प्रमाणपत्र. बाहेरून दोन्ही पत्ते तपासले, ठीक.’

शेवटचे वाक्य टेस्टएसएसएल चालवल्याशिवाय लिहायचे नाही, असा नियम आहे. ही एक बॅश स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) असून ती कोणत्याही पोर्टवर चालते, म्हणून मेलचा सर्व्हरही तपासता येतो. एसएसएल लॅब्ज केवळ 443 पाहते. आमच्याकडील आवृत्ती -6 हा पर्याय दिल्याशिवाय आयपीव्ही6 कडे पाहतच नाही, आणि चाचणी चालवणाऱ्या जोडणीलाही आयपीव्ही6 असावे लागते. म्हणून ती सर्व्हरवरून न चालवता बाहेरून, आयपीव्ही6 असलेल्या जोडणीवर, म्हापशातील एका सभासदाच्या घरच्या संगणकावरून चालवतो. लेट्स एन्क्रिप्टने 4 जून 2025 पासून मुदत संपत असल्याचे मेल पाठवणे थांबवले आहे. 90 दिवसांच्या प्रमाणपत्राचे किती दिवस उरले हेही आम्हाला त्याच चाचणीतून कळते. डॉलरमध्ये मासिक शुल्क घेणारी देखरेख-सेवा त्यामुळे घ्यावी लागली नाही.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. ईटीसीत कोहाच्या डेटाबेसचा पासवर्ड आणि प्रमाणपत्राची खासगी किल्लीही असते, तेव्हा हे गिटचे भांडार सार्वजनिक ठिकाणी कधीही चढवू नये. इतर वाचनालयांना दाखवण्याजोगी संरचना आम्ही वेगळ्या भांडारात, गुपिते वगळून ठेवतो. विकिपीडिया चालवणारी विकिमीडियाही आपल्या सर्व्हरांची पपेट या साधनातील संरचना उघडी ठेवून गुपिते स्वतंत्र ठेवते. देखभालीचे कंत्राट यंदा आम्ही वाढवलेले नाही.