तंत्राची कार्यशाळा की इम्प्रोव्हायझेशनची? नागपुरातून कंटेम्पररी नृत्याकडे वळणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

कंटेम्पररी नृत्याच्या कार्यशाळेच्या जाहिरातीत ‘तंत्र’ आणि ‘इम्प्रोव्हायझेशन’ (आधी न ठरवता, ऐनवेळी सुचेल ती हालचाल करणे) ही दोन नावे बहुधा जोडीनेच छापलेली असतात, आणि त्यामुळे ती एकाच शिक्षणाची दोन अंगे असावीत असा समज होतो. प्रत्यक्षात या दोन प्रकारच्या वर्गांत शरीराकडून होणारी मागणी वेगळी असते, त्यांना लागणारा काळ वेगळा असतो आणि वर्ग संपल्यावर हाती उरणारी गोष्टही वेगळी असते. नागपुरात राहून निवड करणाऱ्याने हा फरक नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण येथे बाहेरगावचा मार्गदर्शक अनेकदा तीन-चार दिवसांसाठी येतो आणि तो परतल्यावर त्याच पद्धतीचा नियमित वर्ग शहरात उपलब्ध असेलच असे नाही. माझे मत आरंभीच नोंदवतो: कार्यशाळा छोटी असेल तर इम्प्रोव्हायझेशनची निवडावी, आठवड्यातून दोनदा भरणारा, काही महिने चालणारा वर्ग मिळत असेल तर तंत्राचा निवडावा. या मताला काही महत्त्वाचे अपवाद आहेत आणि त्यांचा विचार पुढे केला आहे.

तंत्राच्या वर्गात हालचाल आधी ठरलेली असते. शिक्षक ती करून दाखवतो, विद्यार्थी उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही बाजूंनी तिची पुनरावृत्ती करतात आणि शेवटी दालनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी एखादी बांधलेली रचना केली जाते. यामागे शंभर वर्षांची परंपरा आहे. अमेरिकी नर्तकी मार्था ग्रॅहम यांनी १९२६ मध्ये आपले नृत्यपथक सुरू केले आणि आकुंचन व शिथिलीकरण या जोडीवर आपली पद्धती उभी केली. श्वास सोडताना ओटीपोटापासून कणा आत वळतो आणि श्वास घेताना तो पुन्हा उलगडतो. डोरिस हम्फ्री यांनी तोल जाणे आणि तो सावरणे या दोन टोकांमधील अवस्थेला नृत्याचे द्रव्य मानले आणि त्यांचे शिष्य होझे लिमाँ यांनी तो विचार पुढे नेला. मर्स कनिंगहॅम यांच्या पद्धतीत कणा आणि पाय यांच्या स्वतंत्र, तरीही अचूक समन्वयावर भर आहे. आज भारतात ‘कंटेम्पररी तंत्र’ या नावाने जे शिकवले जाते ते बहुतेक वेळा या पद्धतींचे मिश्रण असते आणि त्यात जमिनीवरच्या कामाचा मोठा वाटा असतो: घरंगळणे, कण्याला पीळ देत उठणे, हाताच्या तळव्यांवर भार घेणे, आवाज न करता पडणे.

या वर्गाचा मोठा लाभ म्हणजे प्रगती डोळ्यांना दिसते. पहिल्या आठवड्यात खांदा आपटत असेल आणि सहाव्या आठवड्यात तो आपटत नसेल, तर शिकणे झाले. परंतु हे घडण्यासाठी शिक्षकाची नजर वारंवार लागते. आपला खुबा वर उचलला जात आहे किंवा पडताना आपण श्वास रोखून धरतो आहोत, हे करणाऱ्याला स्वतःला जाणवत नाही. तीन दिवसांच्या कार्यशाळेत रोज पाच तास धरले तर पंधरा तास होतात; दर आठवड्याला दीड-दीड तासाचे दोन वर्ग धरले तर बारा आठवड्यांत छत्तीस तास होतात. फरक केवळ तासांचा नाही. दोन वर्गांच्या मधल्या दिवसांत शरीर चुकते, थकते आणि सुधारलेली गोष्ट पुन्हा विसरते. या विसरण्यावर पुढच्या वर्गात उपाय होतो. छोट्या कार्यशाळेत तो दुसरा फेरा येतच नाही. सहभागी व्यक्ती एक सुंदर रचना पाठ करून घरी जाते आणि तिच्यातील दोष कोणी न दाखवल्यामुळे तेच दोष घोटत राहते.

इम्प्रोव्हायझेशनच्या वर्गात हालचाल ठरलेली नसते. परंतु काहीही ठरलेले नसते असे समजणे चूक आहे. मार्गदर्शक एक काम देतो आणि त्याला कडक मर्यादा घालतो. उदाहरणार्थ, प्रत्येक हालचाल कोपरापासूनच सुरू झाली पाहिजे, किंवा दालन ओलांडताना दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर टेकता कामा नयेत. रुडॉल्फ लाबान यांनी हालचालीच्या गुणांचे केलेले विश्लेषण येथे फार उपयोगी पडते: भार हलका की जोरकस, काळ अचानक की रेंगाळणारा, दिशा थेट की भरकटणारी, ओघ मोकळा की आवरलेला. एकच साधी क्रिया या गुणांपैकी एक बदलून पुन्हा केली की आपली सवय कोणती आहे हे लख्ख समोर येते. कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन ही याच कुळातील एक शाखा. कनिंगहॅम यांच्या पथकात नाचलेले आणि आयकिडो या जपानी युद्धकलेचा अभ्यास केलेले स्टीव्ह पॅक्स्टन यांनी १९७२ मध्ये अमेरिकेत तिची सुरुवात केली. त्यात दोन व्यक्ती स्पर्शाच्या एका बिंदूवर परस्परांचा भार घेत आणि देत राहतात. पॅक्स्टन यांचाच आणखी एक सराव आहे: काही मिनिटे नुसते स्थिर उभे राहायचे आणि तोल सांभाळण्यासाठी शरीर आपोआप करत असलेल्या सूक्ष्म हालचालींकडे लक्ष द्यायचे. त्याला ते छोटे नृत्य म्हणत.

अशी कामे घरी नेता येतात, हा या कार्यशाळेचा निर्णायक गुण मला वाटतो. ठरलेली हालचाल नसल्याने ती चुकण्याचा प्रश्न फारसा उरत नाही. लक्ष कसे द्यायचे हे एकदा कळले की बैठकीच्या खोलीत पहाटे वीस मिनिटे एकट्याने सराव करता येतो आणि तो अनेक महिने पुरतो. उलट बाजूही सांगितली पाहिजे. प्रगती मोजणे येथे अवघड आहे आणि मार्गदर्शक ढिला असेल तर सारा वर्ग ‘मनाला येईल तसे हला’ या पातळीवर घसरतो. तेव्हा प्रत्येक जण आपल्या जुन्याच लकबी अधिक उत्साहाने करू लागतो. मर्यादा न घालणाऱ्या मार्गदर्शकाकडे वेळ आणि पैसे घालवू नयेत.

इस्रायली नृत्यदिग्दर्शक ओहाद नहारिन यांची गागा पद्धत या दोहोंच्या मधोमध येते. तिच्यात शिक्षक सतत सूचना देत राहतो, कोणी थांबत नाही, आरसा वापरला जात नाही; हालचाल प्रत्येकाची स्वतःची असते, पण शरीराला मिळणारा व्यायाम तंत्राच्या वर्गाइतकाच कसून असतो. नहारिन यांच्याच पद्धतीत प्रशिक्षित झालेला शिक्षक असेल तरच या नावावर विसंबावे.

जमीन आणि हवामान हा मुद्दा नागपूरकराने गौण मानू नये. कंटेम्पररी नृत्याला खालून थोडी लवचीक असलेली लाकडी जमीन आणि तिच्यावर व्हिनाइलचे आच्छादन हवे असते. शहरातील कार्यशाळा मात्र अनेकदा शाळेच्या सभागृहात, योगवर्गाच्या खोलीत किंवा मंगल कार्यालयाच्या दालनात भरतात आणि तेथे सिमेंटवर बसवलेली कोटा फरशी किंवा गुळगुळीत टाइल्स असतात. अशा जमिनीवर तंत्राच्या वर्गातील उड्यांची रचना पन्नास वेळा केली तर नडगी आणि गुडघे दुखावतात. इम्प्रोव्हायझेशनचा जाणता मार्गदर्शक जमीन पाहून काम बदलू शकतो, उड्या टाळून चालणे, झुकणे, बसणे यांवर वर्ग उभा करू शकतो. तंत्राच्या वर्गाला तेवढी मोकळीक नसते. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो तेव्हा कूलरशिवाय दालनात थांबणे अशक्य होते आणि कूलरची दमट हवा टाइल्सवर बसली, वर घामाचे थेंब पडले, की अनवाणी पाय घसरतात. उन्हाळी सुट्टीत शिबिरे भरपूर असतात, हे खरे. तरीही जमिनीवरचे काम शिकायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ अधिक चांगला. मात्र थंडीच्या सकाळी फरशी गार पडलेली असते, त्यामुळे वॉर्म-अपला अर्धा तास देणारा वर्गच निवडावा. गुडघ्यांचे पॅड आणि पूर्ण बाह्यांचा सुती कपडा दोन्ही प्रकारांत सोबत असावा.

आता अपवादांकडे वळतो. त्यांतील पहिला कथक किंवा भरतनाट्यम शिकलेल्यांचा. या वाचकांचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा आहे आणि नागपुरात अशा प्रशिक्षित मुलामुलींची संख्या मोठी असल्याने त्यावर थोडे थांबले पाहिजे. त्यांच्याकडे तंत्र आधीच आहे, फक्त ते वेगळ्या अक्षावर उभे आहे. कथकाचा नर्तक सरळ उभ्या रेषेभोवती चक्कर घेतो. भरतनाट्यमचा नर्तक अरैमंडीत गुडघे बाहेरच्या दिशेने वळवून धड ताठ ठेवतो. कंटेम्पररी तंत्र मात्र अनेकदा पाय समांतर ठेवायला, कणा वाकवायला आणि उभी रेषा मुद्दाम सोडून द्यायला सांगते. टाच जोराने आपटण्याची वर्षानुवर्षांची सवय असलेल्या पायाला आवाज न करता जमिनीवर उतरायला शिकवणे हे महिन्यांचे काम आहे. म्हणून अशा व्यक्तीने तीन दिवसांच्या तंत्राच्या कार्यशाळेतून फार अपेक्षा ठेवू नये. तिला त्या तीन दिवसांत आपण नवखे ठरलो एवढेच वाटण्याची शक्यता अधिक.

इम्प्रोव्हायझेशन मात्र तिला परके नाही. तबल्याच्या ठेक्यावर ऐनवेळी सुचलेली उपज घेऊन समेवर येणारा कथकचा नर्तक क्षणात निर्णय घेण्यात मुरलेला असतो. फरक इतकाच की कंटेम्पररी वर्गात पुष्कळदा ताल काढून घेतला जातो आणि सम नसली की सुरुवात-शेवट कसा ठरवायचा हा प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न अस्वस्थ करणारा असला तरी अतिशय फलदायी आहे आणि त्यासाठी आपले शास्त्रीय शिक्षण पुसून टाकावे लागत नाही. मूळच्या वाडा येथील चंद्रलेखा यांनी १९८५ च्या ‘अंगिका’ मध्ये भरतनाट्यम, योग आणि कलरीपयट्टू ही केरळची युद्धकला यांना एकत्र आणून स्वतःची भाषा घडवली. अस्ताद देबू यांनी कथक आणि कथकळीचे शिक्षण आधुनिक नृत्याशी जोडले. गुरूंचा विरोध होईल अशी धास्ती अनेकांना असते. तिचा आदर राखून एवढेच सुचवतो की अरंगेत्रमच्या (रंगमंचावरील पहिल्या एकल सादरीकरणाच्या) किंवा परीक्षेच्या तयारीच्या काळात नवी कार्यशाळा करू नये, कारण पायांची ठेवण त्या काळात खरोखरच गोंधळते.

दुसरा अपवाद अगदी नवख्या व्यक्तीचा. कधीही नृत्य न केलेल्या माणसाने कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशनने सुरुवात करू नये. पडायचे कसे हे ठाऊक नसताना दुसऱ्याचा भार अंगावर घेणे धोक्याचे असते आणि मनगट हे पहिले बळी असते. अशा व्यक्तीने आधी जमिनीवरच्या कामाची प्राथमिक ओळख करून देणारी तंत्राची छोटी कार्यशाळा करावी. तेथे रचना पाठ झाली नाही तरी चालेल, सुरक्षितपणे खाली जाणे आणि वर येणे जमले तरी पैसे वसूल झाले असे समजावे. चाळिशी ओलांडलेल्या आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या व्यक्तीला मात्र स्पर्शाविना चालणारे इम्प्रोव्हायझेशन सर्वांत सोयीचे, कारण त्यात वेग आणि उंची तिची तीच ठरवते.

राज्य नाट्य स्पर्धेसाठी किंवा एकांकिकांसाठी काम करणाऱ्या नटांना इम्प्रोव्हायझेशनच द्यावे; त्यांना रंगमंचावर सहकलाकाराच्या हालचालीला उत्तर द्यायचे असते आणि तेच येथे शिकवले जाते. दूरचित्रवाणीवरील स्पर्धांची तयारी करणाऱ्या मुलांना तंत्र हवे, आणि तेही नियमित हवे.

स्पर्शाचा प्रश्न उघडपणे बोलला जात नाही, म्हणून येथे स्पष्ट लिहितो. अनोळखी व्यक्तीच्या पाठीवर पाठ टेकवणे आपल्याकडे अनेकांना, आणि त्यांच्या घरच्यांनाही, अवघड वाटते. चांगला मार्गदर्शक पहिल्याच तासात सांगतो की कोणीही, कोणत्याही क्षणी, कारण न देता बाजूला होऊ शकतो. जोडीदार बदलून मागता येतो. हाताने पकडायचे नसते, भार धडाच्या मध्याकडून द्यायचा असतो. हा संकेत सांगितला जाणार आहे का, हे नाव नोंदवण्यापूर्वी फोनवर विचारावे. उत्तर देताना आयोजक अडखळत असतील तर ती कार्यशाळा सोडून द्यावी. त्याच फोनवर सहभागींची संख्या, जमिनीचा प्रकार आणि मार्गदर्शकाचे स्वतःचे प्रशिक्षण कोठे झाले हेही विचारावे. एका शिक्षकामागे वीसपेक्षा अधिक विद्यार्थी असतील तर तंत्राच्या वर्गात आपल्याकडे पाहायला त्याला वेळ मिळत नाही. इम्प्रोव्हायझेशनमध्ये मोठा गट तुलनेने कमी अडचणीचा असतो, कारण निम्मे लोक करतात आणि निम्मे पाहतात, आणि पाहणे हाही शिकण्याचाच भाग असतो.

बाहेरगावी जाण्याचा पर्याय तंत्रासाठीच विचारात घ्यावा. मुंबई, पुणे किंवा बंगळूर येथे एक-दोन महिने राहून दररोजचा वर्ग करता येत असेल तर तो खर्च योग्य ठरतो. बंगळूरची १९९२ मध्ये स्थापन झालेली अट्टक्कलरी ही संस्था या क्षेत्रातील जुन्या संस्थांपैकी आहे. दोन दिवसांच्या इम्प्रोव्हायझेशनसाठी सातशे-आठशे किलोमीटरचा प्रवास करण्याऐवजी तेवढ्या पैशांत चार-पाच जणांनी मिळून धरमपेठेत किंवा प्रतापनगरात एखादी खोली दर रविवारी भाड्याने घ्यावी आणि शिकलेली कामे एकत्र करावीत.

सकाळी तंत्र आणि दुपारी इम्प्रोव्हायझेशन अशी मिश्र कार्यशाळा मिळाली तर ती सहसा घ्यावी, मात्र वेळापत्रक पाहूनच. सकाळच्या तीन तासांनी मांड्या आणि पाठ दमलेली असताना दिवसाच्या शेवटच्या तासात जोडीदाराला उचलण्याचे काम ठेवले असेल, तर क्रम बदलण्याची विनंती आयोजकांना करावी. ती मान्य झाली नाही तर त्या तासापुरते कडेला बसून पाहावे.