तोरण: आंब्याच्या पानांचे की भाताच्या लोंब्यांचे?
साताऱ्यात दसऱ्याला दारावर आंब्याच्या पानांचे तोरण चढते. पाने दुमडून सुतळीत ओवायला अर्धा तास पुरतो, पण ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन दिवसांत त्यांच्या कडा वळतात. दिवाळीसाठी माझी पसंती लोंब्यांना आहे. पाटण-जावळीकडे भात कापणीला आला की शेतमालकाला विचारून आणलेल्या लोंब्या सावलीत वाळवाव्यात आणि गुंफण्याआधी देठांवर पाणी शिंपडावे, नाहीतर वेणी घालताना ते पेरापाशी कडकन मोडतात. असे तोरण महिनोन्‌महिने टिकते. दाण्यांसाठी चिमण्या येतात, ही तक्रार मी तरी मानत नाही. मध्ये रंगासाठी झेंडू ओवावा. कासच्या पठारावरची रानफुले मात्र तोडू नयेत, कारण २०१२ पासून ते पठार जागतिक वारसास्थळांत आहे.