लाल ट्रोजनखालचा हिरवा रंग

निपाणीत आमचं किराणा दुकान होतं. चहाची लाल गाडी दारात थांबली की मी सगळं सोडून बाहेर पळायचो. त्या आठवणीपायी डिंकी टॉइज या जुन्या धातूच्या खेळण्यांतली ब्रुक बाँड चहाची लाल ट्रोजन व्हॅन मला फार वर्षं हवी होती.

फसायला कारण काय झालं ते आधी सांगतो. डिंकी बनवणाऱ्या लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीनं ट्रोजनच्या एकाच साच्यातून सहा नावांच्या गाड्या काढल्या. एस्सो, डनलॉप, चिव्हर्स, ऑक्सो, सायड्रॅक्स आणि १९५७ मध्ये ब्रुक बाँड. धातू तोच, आकार तोच. वेगळा असतो तो रंग आणि बाजूवरचा ट्रान्स्फर, म्हणजे चिकटवलेलं छापील नाव. किंमत सगळी त्यावरच. म्हणजे ज्याच्याकडे स्वस्तातली खरी गाडी आहे, त्याला महागातली करायला थोडा लाल रंग आणि छापलेलं नाव पुरतं.

व्हॉट्सॲपवरच्या संग्राहकांच्या एका ग्रुपमध्ये ओळख झालेल्या माणसानं ‘मूळ रंग, मूळ डबा’ असं लिहून फोटो पाठवले. डावी बाजू, उजवी बाजू, समोरून, मागून. तळाचा फोटो मागितला तर म्हणाला, "गाडी पॅक करून ठेवलीय, पुन्हा उघडायला नको." शिवाय आणखी एकजण लगेच पैसे द्यायला तयार आहे म्हणाला. मी रात्रीतच यूपीआयनं चौदा हजार पाठवले.

पार्सल बेळगावात आलं. हातात वजन बरोबर लागलं, मन शांत झालं. दोन दिवसांनी शेजारचे मामा आले. त्यांची आयुष्यभराची नोकरी उद्यमबागेतल्या फाउंड्रीत झाली. त्यांनी गाडी उलटी केली, काळ्या तळपत्र्याची रिवेट नखानं चाचपली आणि म्हणाले, "हे ड्रिल मारून काढलंय की रे. परत बसवलंय." मग भिंगातून बघितलं. मागच्या चाकाच्या कमानीत आतल्या बाजूला लाल रंगाखाली हिरवा दिसत होता. चिव्हर्सची गाडी हिरवीच असते. चिव्हर्स म्हणजे जेलीची कंपनी. मला जेलीची गाडी चहाची म्हणून विकली होती.

बाकीचं नंतर दिसत गेलं. गाडी उजेडात तिरकी धरली की अक्षरांभोवती पारदर्शक पापुद्र्याची कडा चमकते. रंग सगळीकडे सारखा, कोपऱ्यांवर झिजच नाही, जणू कुणी कधी खेळलंच नाही. डब्यावर नोटा तपासायचा निळा दिवा मारला तर पुठ्ठा पांढराशुभ्र उजळला. नव्या कागदात चमक आणणारं रसायन असतं, म्हणून तो असा पेटल्यासारखा दिसतो.

जुनी गाडी रंगवून नवी करणं हा गुन्हा नाही. चांगल्या हाताचं काम मी स्वतः विकत घेतलंय, पण ‘रंगवलेली’ असं सांगून दिलेलं. इथं मला धडधडीत खोटं सांगून विकली, राग त्याचा आहे.

फोन केला तर त्यानं कापला, मग मला ब्लॉकच केलं. मी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइन नंबरवर तक्रार नोंदवली, पण पैसे जाऊन आठवडा झाला होता. हा नंबर पहिल्या काही तासांत लावला तर रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते. ठाण्यात अर्ज कन्नडमध्ये लिहायचा होता, तो एका हवालदारानं बसून लिहून दिला. चॅट आणि फोटो मी पुसले नव्हते, तेवढेच हाताशी होते.

तुम्ही घेत असाल तर पैसे देण्याआधी तळाचा, रिवेटांचा आणि चाकांच्या कमानीत आतून काढलेला फोटो मागा, आणि तोही त्या दिवसाच्या ‘तरुण भारत’वर गाडी ठेवून काढलेला. नाही म्हणाला तर सोडून द्या, गाडी कितीही मनातली असली तरी.

पैसे अजून आलेले नाहीत. गाडी माझ्याकडेच आहे. माझ्यानंतर ती कुणाच्या हाती जाईल सांगता येत नाही, म्हणून मामांकडून तळपत्र्यावर बारीक अक्षरांत कोरून घेतलंय: ‘चिव्हर्स. लाल रंग नंतरचा.’