कॅरोव्हाचं बीच हाउस: घर साडेतीन स्टार, रस्ता नाहीच

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू घराचा आहे पण निम्मा वाळूचाच होणार, कारण या घरापर्यंत रस्ता नाही. म्हणजे खराब आहे असं नाही, नाहीच. नॉर्थ कॅरोलायनात आउटर बँक्सला (किनाऱ्यालगतच्या चिंचोळ्या बेटांची रांग) एनसी १२ हा रस्ता उत्तरेला जात जात कोरोला गावापुढे संपतो (लिहायचं टोयोटाच्या कोरोलासारखं पण तिथले लोक 'कराला' म्हणतात, मी आठवडाभर चुकीचंच म्हणत होतो). डांबर संपतं तिथे एक रॅम्प, आणि रॅम्प उतरला की थेट बीच. तिथून व्हर्जिनियाच्या हद्दीपर्यंत साधारण ११ मैल समुद्राच्या कडेकडेने वाळूतून गाडी हाकायची, तोच तिथला मेन रोड. स्पीड लिमिटसुद्धा आहे, ३५ मैल, माणसं जवळ असली की १५. या पट्ट्याच्या वरच्या टोकाला कॅरोव्हा. दुकान नाही, हॉटेल नाही, पेट्रोल पंप नाही. घरं आहेत, वाळूच्या टेकड्या आहेत आणि जंगली घोडे आहेत.

आम्ही केरीहून (नॉर्थ कॅरोलायनातलंच आमचं गाव) गेलो, सप्टेंबरमध्ये. मुलांच्या शाळा इयर-राउंड (वर्षभर चालणाऱ्या) असल्याने ट्रॅक आउट, म्हणजे मधली सुट्टी होती आणि लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) झाला की घरांचे भाव धाडकन उतरतात, तर म्हटलं आत्ताच जाऊ. आईबाबा दापोलीहून आलेले. आईचं पहिलं वाक्य, "पितृपंधरवड्यात कसली रे सहल?" मी म्हटलं आई, निम्म्या भावात मिळतंय. त्यावर काही बोलली नाही. बरोबर मित्राची फॅमिली, म्हणजे एकूण दहा जण, दोन गाड्या. आमची टोयोटा फोररनर (फोर व्हील ड्राइव्ह), त्याची एडब्ल्यूडी (ऑल व्हील ड्राइव्ह) क्रॉसओव्हर. या क्रॉसओव्हरकडे नंतर येतो.

बुकिंग. एजन्सीचं नाव लिहीत नाही, लोक तसे वाईट नव्हते. वेबसाइटवर दिसलेला आकडा आणि शेवटी कार्डवर पडलेला आकडा यात जवळजवळ ४० टक्के फरक, क्लीनिंग, टॅक्स, "ॲडमिन फी" (हे काय असतं कुणी सांगेल का), चादरी-टॉवेल वेगळे. इतकं सगळीकडेच चालतं, ठीक आहे. माझी खरी तक्रार दुसरी आहे. त्यांनी अकरा पानांची पीडीएफ पाठवली, त्यात हॉट टबवर दीड पान, ग्रिल कशी साफ करायची त्यावर एक पान, आणि गाडीबद्दल एक ओळ: फोर व्हील ड्राइव्ह आवश्यक. बास. टायरची हवा नाही, भरती-ओहोटी नाही, काही नाही. अहो, हॉट टब बिघडला तर माणूस अंघोळ करून झोपेल, गाडी समुद्रात गेली तर काय करणार?

तर जे त्यांनी सांगायला हवं होतं ते मी सांगतो.

पहिलं म्हणजे शनिवार. घरं शनिवार ते शनिवार भाड्याने जातात, चेक-इन दुपारी चारला. म्हणजे सगळं जग शनिवारी दुपारी एकाच रस्त्यावर. केरीहून एरवी सव्वाचार-साडेचार तास लागतात, आम्हाला सात लागले, त्यातला दीड तास फक्त डक नावाच्या गावात, तिथे रस्ता जाऊन-येऊन दोनच लेनचा. दुसरा रस्ता नाही. मॅपवर बघून कुणाला वाटेल की वॉशिंग्टन डीसीकडून येताना व्हर्जिनिया बीचवरून सरळ खाली उतरावं, तर नाही, हद्दीवर कुंपण आहे, तिथून सोडत नाहीत. सगळ्यांना किटी हॉककडूनच वळसा.

आणि आता ती गोष्ट जी मला बुकिंगच्या आधी कळायला हवी होती. आम्ही किल्ल्या घेऊन रॅम्पवर पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते आणि पूर्ण भरती. ओहोटीला तिथला बीच कसा हायवेसारखा रुंद असतो, ओली वाळू कडक बसलेली, ३५ ने आरामात जाता येतं. भरतीला तीच कडक वाळू पाण्याखाली आणि तुमच्या वाट्याला टेकडीला लागून असलेली वरची सैल वाळू, पिठासारखी. त्यातून समोरून पिकअप येतायत. रॅम्पच्या पुढे पाण्याच्या कडेला जुन्या जंगलाचे बुंधे वाळूतून वर आलेले आहेत, शेकडो वर्षांचे, दिसायला भारी पण भरतीला त्यांच्यात आणि टेकडीत चाचपडत जायचं म्हणजे घाम फुटतो.

आता गणित बघा. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. आठवड्यात जवळजवळ सहा तास. म्हणजे येण्याच्या शनिवारी संध्याकाळी पाचला भरती असेल तर जाण्याच्या शनिवारी सकाळी साडेदहाला पुन्हा भरतीच, आणि चेक-आउट असतं दहाला! आमचं तेच झालं, येताना पण भरती जाताना पण भरती. त्याच्या आधीचा किंवा नंतरचा आठवडा घेतला असता तर दोन्ही वेळा ओहोटी मिळाली असती, भाडं तेच. टाइड टेबल वर्षभराचं ऑनलाइन फुकट मिळतं. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "अरे मग तिथीच बघायची होती की." दापोलीकडच्या माणसाला टाइड टेबल लागत नाही, अमावस्या-पौर्णिमेला भरती किती वाजता आणि अष्टमीला किती वाजता हे तोंडपाठ असतं, आणि मी इथे ॲप शोधत बसलो होतो.

आता क्रॉसओव्हर. मित्राचं म्हणणं होतं, एडब्ल्यूडी म्हणजे चारही चाकं फिरतात, मग झालं ना. मी रॅम्पच्या आधी थांबून माझ्या चारही टायरची हवा ३५ वरून २० पीएसआयवर आणली. हवा काढली की टायर खाली भाकरी थापल्यासारखा पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी चालते. एवढंच शास्त्र आहे. तो म्हणाला मी २८ ठेवतो, परत भरायला वेळ जातो. ठीक आहे म्हटलं, चार माणसांत वाद कशाला.

बीचवर तो व्यवस्थित आला, खरं सांगतो. रुतला ते घराकडे वळताना, बीचवरून टेकडीच्या खिंडीतून आतल्या गल्लीत शिरायचं असतं तिथे. तिथली वाळू सगळ्यात सैल कारण प्रत्येक जण तिथेच वळतो. स्टीअरिंग वळवलं, वेग कमी झाला, आणि त्याने घाबरून ॲक्सिलरेटर दाबला. मागून वाळूचा फवारा उडाला आणि दहा सेकंदात गाडी पोटावर बसली. बाबा आमच्या गाडीतून उतरून ओरडत गेले, "अरे रेस करू नकोस, सोड, सोड! खाली जातंय ते!" मित्र म्हणे काका जरा थांबा, आणि परत दाबला. अजून चार इंच आत.

मग बाबांनी चार्ज घेतला. मुरुड-हर्णैला मुंबई-पुण्याच्या गाड्या पुळणीत रुतलेल्या त्यांनी आयुष्यभर बघितल्यात (तिथे गाडी घालायची परवानगी नाही, तरी घालतात, मग ट्रॅक्टरवाल्याचे पाय धरतात). सगळ्यांना खाली उतरवलं, सामान उतरवलं. फावडं माझ्याकडे होतं, चाकाच्या पुढची नाही तर मागची वाळू काढायला लावली कारण आलो त्याच चाकोरीने मागे जायचं, ती दाबलेली असते. पोटाखालची वाळू हाताने ओढून काढली, गरम नव्हती नशिबाने, संध्याकाळ होती. टायर १६ वर आणले, सुंसुं आवाज करत चारी चाकं फुगलेल्या पुऱ्या बसतात तशी बसली. हवा १६ च्या खाली नेऊ नका, टायर रिमवरून निसटू शकतो. मागच्या चाकांखाली फ्लोअर मॅट्स घातल्या. स्टीअरिंग सरळ, रिव्हर्स, हळू. पहिल्या वेळी नाही, दुसऱ्या वेळी गाडी म्हशीसारखी उठली आणि मागे गेली. पन्नास मिनिटं. एक मॅट समुद्राच्या दिशेने उडाली ती मिळालीच नाही. आई तोपर्यंत कूलरवर बसून मुलांना चकल्या वाटत होती.

त्यानंतर आठवडाभर तो १८ वर चालला आणि एकदाही अडकला नाही, त्यामुळे गाडीचा दोष नव्हता हे पण लिहितो. पण तिथे बोर्ड फोर व्हील ड्राइव्हचाच आहे, एडब्ल्यूडी नेलीत तर जबाबदारी तुमची, आणि विमानतळावर भाड्याने घेतलेली गाडी तर नेऊच नका, त्यांच्या करारात बहुतेक वेळा डांबर सोडायची परवानगीच नसते.

काय न्यायचं तर प्रेशर गेज (कमी प्रेशर नीट दाखवणारा), लांब दांड्याचं फावडं, टो स्ट्रॅप (गाडी ओढायचा पट्टा), जॅकखाली ठेवायला लाकडी फळी नाहीतर जॅकच वाळूत जातो, आणि कंप्रेसर. कंप्रेसर लाइटरच्या सॉकेटमध्ये लावायचा घेऊ नका. माझा तोच होता, परत येताना चार टायर भरायला ४० मिनिटं लागली आणि तो तापून बंद पडत होता, मित्राने तिथे बॅटरीला चिमटे लावायचा उधार आणला त्याने पंधरा मिनिटांत काम झालं. हवा न भरता हायवेला लागू नका, टायर तापून फुटतात. आणि घरी आल्यावर गाडी खालून धुवा, मिठाने सगळं सडतं.

आता घर. पाच बेडरूम, खांबांवर उभं, समुद्राच्या दुसऱ्या रांगेत. स्वच्छ होतं, गाद्या छान, डेकवरून समुद्र आणि मागे साउंडवरचा (म्हणजे खाडीवरचा) सूर्यास्त दोन्ही दिसतात. पण स्वयंपाकघर आणि हॉल सगळ्यात वरच्या मजल्यावर, बेडरूम खाली. तिकडे हे कॉमन आहे, व्ह्यूसाठी. फोटोत कळत नाही. चहा प्यायला दोन जिने. आईचे गुडघे दुसऱ्या दिवशी बोलायला लागले, मग आम्ही खालच्या खोलीत इलेक्ट्रिक किटली नेऊन ठेवली. वडीलधारी असतील तर लिफ्ट आहे का हे फोन करून विचारा, काही घरांना असते.

दुसरं पाणी. बोअरचं पाणी, अंघोळीला ठीक, पण चहाला लोखंडाचा वास. आई म्हणाली हा चहा नाही, खिळ्यांचा काढा आहे. पिण्याचं पाणी घेऊन जा, माणशी भरपूर. आणि किराणा एकदाच भरा. आम्ही कोथिंबीर आणि दही विसरलो, तर जाऊन-येऊन कोरोलाच्या हॅरिस टीटर सुपरमार्केटपर्यंत दीड तास गेला, ते पण ओहोटी बघून. कोथिंबिरीसाठी ओहोटीची वाट बघायची हे आयुष्यात पहिल्यांदा केलं. पाऊस पडला की घरांमधल्या वाळूच्या गल्ल्यांत गुडघाभर डबकी होतात, त्यात जोरात गाडी घालू नका, खोली कळत नाही.

हे सगळं ऐकून वाटेल कशाला जायचं मग. तर घोडे. साधारण शंभर आहेत, स्पॅनिश लोकांनी आणलेल्या घोड्यांचे वंशज, १९८० च्या दशकात कोरोलाचा रस्ता सगळ्यांना खुला झाल्यावर गाड्यांखाली मरायला लागले म्हणून त्यांना रॅम्पजवळच्या कुंपणाच्या उत्तरेला, या बिनरस्त्याच्या भागात ठेवलंय. ५० फूट लांब राहायचं आणि खायला काहीही घालायचं नाही, गाजर-सफरचंदसुद्धा नाही, पोटात दुखून मरतात. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला आई डेकवर जपमाळ घेऊन बसली होती आणि खाली गाड्यांच्या मध्ये तीन घोडे येऊन उभे, एक पिल्लू. आईने कुणाला हाक मारली नाही. आम्हाला नाश्त्याला सांगितलं, "येऊन गेले." मुलं इतकी चिडली!

आणि रात्री. रस्त्यावर दिवे नाहीत त्यामुळे आकाशगंगा स्पष्ट दिसते, आणि टॉर्च मारला की पांढऱ्या कुर्ल्या तिरक्या पळतात, मुलांना दुसरं काही लागलं नाही. समुद्रात मात्र जपून, ओढ असते, आम्ही कमरेच्या पुढे गेलो नाही. सप्टेंबर म्हणजे हरिकेनचा सीझन, ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्या, हा एक एक्स्ट्रा खर्च मला पटला.

फक्त वाळूवर गाडी चालवायची हौस असेल आणि आठवड्याचं घर नको असेल तर खाली केप हॅटरसला जा, तिथे नॅशनल सीशोअरचं (सरकारी राखीव किनारा) परमिट घेऊन दिवसाचा दिवस जाता येतं, आम्ही घेतलं तेव्हा १० दिवसांचं ५० डॉलर होतं. फावडं-जॅक-फळी-गेज तिथे नियमानेच लागतं. पक्षी आणि कासवांसाठी पट्टे बंद असतात ते आधी बघा.

घराला साडेतीन. अर्धा जिन्याचा कापला, अर्धा पाण्याचा, अर्धा त्या पीडीएफचा. पुढच्या वर्षी परत बघतोय, बाबांनी दापोलीहून फोनवर दोन शनिवार काढून दिलेत, दोन्ही अष्टमीच्या आसपासचे.