‘व्हाइट ख्रिसमस’: क्रॉस्बी की बुब्ले?

डिसेंबरात वांद्र्याच्या गल्ल्यांमध्ये कागदी तारे लटकू लागले की मला अमेरिकी गायक बिंग क्रॉस्बीचंच ‘व्हाइट ख्रिसमस’ हे बर्फाळ नाताळची ओढ सांगणारं गाणं हवं असतं. आज बहुतेक ठिकाणी वाजतं ते १९४२चं मूळ ध्वनिमुद्रण नव्हे. ज्यावरून रेकॉर्ड काढल्या जात, ती त्याची मास्टर प्रत वापरून वापरून झिजली, म्हणून १९४७मध्ये तो ते पुन्हा गायला. आवाज खर्जातला, घाई अजिबात नाही. महायुद्धात घरापासून दूर असलेल्या सैनिकांना ते का भिडलं, हे पहिल्याच ओळीत कळतं.

कॅनडाचा गायक मायकल बुब्लेने २०११मध्ये गायिका शनाया ट्वेनसोबत गायलेलं हेच गाणं स्वच्छ, खेळकर, ठेका धरायला लावणारं. घरी पाहुणे जमले की तेच लावावं. पण त्यात हुरहुर नाही. बर्फ कधीच न पाहिलेल्या मलाही क्रॉस्बी बर्फासाठी झुरायला लावतो.