टूलफोर्जवर दीड वर्ष: फुकटचं होस्टिंग आणि रविवारची देखभाल

सकाळी पावणेआठला बाईंचा फोन आला. "अरे, यादी आली नाही अजून. मी सीबीएस स्टँडवर उभी आहे, पेठची गाडी लागलीय."

बाई म्हणजे आमच्या गटातल्या निवृत्त शिक्षिका. नाशिक जिल्ह्यातल्या ज्या गावांच्या लेखाला मराठी विकिपीडियावर एकही फोटो नाही, त्यांची यादी आमचं टूल रोज काढतं. बाई त्यातलं गाव निवडतात, एसटीने जातात, मंदिर, शाळा, पार, नदीचा घाट असं काय काय टिपतात आणि कॉमन्सवर, म्हणजे विकिमीडियाच्या खुल्या फोटोसंग्रहावर, चढवतात. जिल्ह्याच्या पंधरा तालुक्यांपैकी पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर त्यांनी स्वतःकडे घेतले आहेत. हे टूल विकिमीडियाच्या टूलफोर्जवर चालतं आणि दीड वर्षापासून ते मी सांभाळतोय.

त्या दिवशी यादी का आली नव्हती, तर आदल्या रात्री वेळापत्रकात मी 'दोन वाजता' लिहिलं होतं. माझ्या डोक्यात रात्रीचे दोन, सर्व्हरच्या घड्याळात यूटीसीचे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचे, दोन. म्हणजे आपले सकाळचे साडेसात. काम पूर्ण व्हायला वीस मिनिटं लागतात, तोवर बाईंची गाडी निघायची वेळ झाली. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून या सेवेचा कुठलाही वेळेचा आकडा दिसला की आधी साडेपाच तास मिळवतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टूलफोर्ज ही विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनची सामायिक होस्टिंग सेवा आहे. विकिपीडियासाठी बॉट (आपोआप काम करणारा प्रोग्रॅम) किंवा छोटी वेबसाइट लिहिणाऱ्या स्वयंसेवकांना ती फुकट मिळते. याआधी विकिमीडियाच्या जर्मन शाखेचा टूलसर्व्हर होता, तो 2014 मध्ये बंद झाला. त्याची जागा टूल लॅब्सने घेतली आणि 2017 मध्ये त्याचंच नाव टूलफोर्ज झालं. खाली ओपनस्टॅकवरच्या आभासी मशिनी, वर त्या मशिनींवर कामं वाटून चालवणारं कुबरनेटिस. आपण एसएसएचने (दूरच्या मशिनवर सुरक्षितपणे शिरायची सोय) आत जायचं, 'बिकम' लिहून आपल्या टूलच्या खात्यात शिरायचं आणि काम सुरू करायचं. विकींच्या डेटाबेसच्या प्रतीही वाचायला मिळतात, त्यातली खासगी माहिती आधीच गाळलेली असते. माझ्या मते ही सेवेतली सगळ्यात मोलाची गोष्ट. हजारो पानं एपीआयने (प्रोग्रॅमसाठी ठेवलेल्या दारातून) एकेक करून मागवायची गरज राहत नाही, एका क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या एका प्रश्नात, उत्तर मिळतं.

हे टूल मी मुळात लिहिलेलं नाही. कॉलेजातल्या एका सिनियरने ते लिहिलं होतं, टूलफोर्जवर कामं चालवणाऱ्या जुन्या ग्रिड इंजिनवर. ग्रिड इंजिन 14 मार्च 2024 रोजी कायमचं बंद झालं आणि सगळी कामं कुबरनेटिसवर गेली. त्याच्या कितीतरी आधीपासून सूचना येत होत्या. पण सिनियर तोवर नोकरीनिमित्त बंगळुरूला गेला होता, ते ईमेल त्याच्या जुन्या पत्त्यावर पडून राहिले आणि टूलला दुसरा मेंटेनर (सांभाळणारा) नव्हता. टूल गप्प झालं. आम्हाला वाटलं, विकिपीडियात काहीतरी बिघाड असेल. तीन महिने आम्ही कोणी बघितलंच नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. त्या उन्हाळ्यात बाईंनी वहीत हाताने यादी केली होती.

जून 2024 मध्ये सिनियरने मला मेंटेनर म्हणून जोडलं. आत गेलो तर कोड पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या 3.7 आवृत्तीचा, ज्याचा अधिकृत आधार जून 2023 मध्येच संपलेला. क्वेरी चालवली तर पहिलीच आपटली. साचा (अनेक पानांवर वापरायचा तयार मजकूर) कुठल्या पानावर वापरलाय ते सांगणाऱ्या तक्त्यात पूर्वी साच्याचं नाव थेट असायचं. आता तिथे फक्त क्रमांक असतो आणि नाव 'लिंकटार्गेट' नावाच्या वेगळ्या तक्त्यात. बदलाचं कारण अगदी रास्त आहे, एकच नाव लाखो ओळींत पुन्हा पुन्हा साठवण्यात काय अर्थ? दोन तक्ते जोडणारा एक जॉइन वाढवला, क्वेरी चालली.

पुढे गंमत झाली नाही, चांगला घाम निघाला. क्वेरीचं उत्तर आलं, पण गावांच्या नावांऐवजी 'ई झीरो ए फोर' अशा हेक्स आकड्यांच्या रांगाच रांगा. डेटाबेसमध्ये पानांची नावं अक्षरं म्हणून नव्हे, कच्चे बाइट म्हणून साठवलेली असतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 या साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतं. 'नाशिक' मोजून बघा: न, काना, श, वेलांटी, क, अशी पाच चिन्हं, पंधरा बाइट. वाचल्यावर ते उलगडून घ्यावे लागतात. जुन्या कोडमध्ये सिनियरने नाव पंधरा 'अक्षरांवर' कापून तक्त्यात दाखवलं होतं, पण कापत होता बाइट. त्यामुळे लांब नावाच्या गावांचं शेपूट तुटायचं, आणि नावात एका बाइटचा अंडरस्कोअर असला तर कधी तीनातल्या दुसऱ्याच बाइटवर, आणि तिथे प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन उमटायचा. बाईंना तो चौकोन गावाच्या नावातलाच काही प्रकार वाटत असे. त्या रविवारी तो गेला. नावातल्या अंडरस्कोअरच्या जागी मोकळी जागा घातली आणि यादी पहिल्यांदा नीट मराठीत वाचता आली. स्क्रीनकडे बघत बराच वेळ नुसता बसलो होतो.

मग अपग्रेडची मालिका सुरू झाली. पायथन 3.7 वरून 3.9 वर आलो, ते सोपं गेलं. 3.9 वरून 3.11 वर जाताना मात्र एक जुनी लायब्ररी (दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड) मोडली. ती 'कलेक्शन्स'मधून 'मॅपिंग' मागत होती आणि ती वाट पायथन 3.10 पासून बंद आहे. लायब्ररी सहा वर्षं कोणी हात न लावलेली. तिचं काम होतं फक्त तारखा मांडण्याचं. मी ती काढून टाकली आणि आठ ओळी स्वतः लिहिल्या. दुसऱ्या कोणावर ही वेळ आली तर माझा सल्ला हाच: आधी बघा, ती लायब्ररी खरंच लागते का.

त्याच दिवशी आणखी एक धडा मिळाला. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे टूलच्या पॅकेजेसची वेगळी जागा, मी लॉगिनच्या मशिनवर बनवलं आणि काम चाललं कंटेनरमध्ये, म्हणजे टूलच्या बंदिस्त डब्यात. दोन्हीकडचं पायथन वेगळं, त्यामुळे एकही पॅकेज सापडेना. ते नेहमी त्याच कंटेनरच्या शेलमध्ये शिरून बनवायचं असतं. सूचनांमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे, मी वाचलं नव्हतं. आता तर आम्ही बिल्ड सर्व्हिसवर गेलोय. कोड गिटमध्ये ठेवायचा, 'रिक्वायरमेंट्स' (कुठली पॅकेजेस हवीत) आणि 'प्रॉकफाइल' (काय चालवायचं) अशा दोन फाइल द्यायच्या, सेवा स्वतः कंटेनरची इमेज बांधते. डेटाबेसचा पासवर्ड एन्व्हायर्नमेंटमधून मिळतो, कोडमध्ये कुठे लिहावा लागत नाही. नवा मुलगा आला तर त्याला समजावून सांगायला अर्धा तास पुरतो. नवीन टूल सुरू करणाऱ्याने थेट इथूनच सुरुवात करावी.

कुबरनेटिसच्या अपग्रेडबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण गटातल्या मुलांची तक्रार असते की हे लोक सारखं काहीतरी बदलतात. सुरुवातीला मीही तेच म्हणायचो. पण कुबरनेटिसच्या वर्षाला तीन आवृत्त्या येतात आणि प्रत्येकीला सुमारे चौदा महिने आधार असतो. मधली आवृत्ती गाळून उडी मारता येत नाही, पायरी पायरीनेच चढावं लागतं. म्हणजे एक वर्ष आळस केला तर पुढच्या वर्षी दुप्पट चढण. इथे तर एकाच क्लस्टरवर, म्हणजे मशिनींच्या समूहावर, जगभरातल्या अनोळखी लोकांची टूल शेजारी शेजारी चालतात. एखादं सुरक्षेचं भगदाड तसंच राहिलं तर धोका सगळ्यांनाच. अपग्रेडच्या वेळी मशिनी एकेक करून रिकाम्या करतात आणि आपलं टूल दुसऱ्या मशिनवर पुन्हा सुरू होतं. सूचना आधी येते.

आमचं टूल या पुन्हा सुरू होण्यात कोलमडलं, कारण कोणी कुठलं गाव घेतलंय ही नोंद मी फक्त मेमरीत ठेवली होती. टूल पुन्हा सुरू झालं आणि नोंदी गेल्या. त्या शनिवारी दोघं जण एकाच गावी पोचले, सिन्नर तालुक्यात, दोन वेगळ्या गाड्यांनी. त्यांची मी मनापासून माफी मागितली. आता नोंदी टूल्सडीबीत, म्हणजे टूलफोर्जच्या टूलसाठीच्या डेटाबेसात, जातात आणि टूल कधीही बंद होऊन उठलं तरी काही हरवत नाही. टूल असंच लिहायला हवं होतं, सर्व्हर कोणाचाही असो.

मेमरीचंही सांगतो. कामाला आपसूक 512 एमबी मिळतात. मी सगळं उत्तर एकदम यादीत भरत होतो, मेमरी संपून काम 137 क्रमांकाचा कोड देऊन मरायचं. जास्त मेमरी मागता येते, पण ओळी एकेक करून वाचणारा कर्सर लावला आणि मागायची गरजच उरली नाही. काम अयशस्वी झालं की ईमेल यावा, ही सोयही चालू करून ठेवा.

मधे एका मित्राचं म्हणणं पडलं की क्लाउड व्हीपीएसवर स्वतःची मशीन मागू, रूट, म्हणजे पूर्ण ताबा, मिळेल. तीही विकिमीडियाचीच सेवा, चांगलीच आहे. पण तिथे डेबियन या ऑपरेटिंग सिस्टिमचं अपग्रेड आपल्याला करावं लागतं. आम्ही चौघं, नोकरी सांभाळून महिन्यातले दोन रविवार देणारे. टूलफोर्जवर ते ओझं दुसरे वाहतात आणि माझ्या वाट्याला महिन्याचे दोन-तीन तास उरतात. माझी स्वतःची एक छोटी वेबसाइट पैसे भरून दुसरीकडे आहे. तिथे एका रात्री पीएचपीची आवृत्ती न सांगता बदलली आणि साइट चार दिवस पांढरी पडली. फुकट असो वा विकत, मला आता आधी येणारी सूचना सगळ्यात मोलाची वाटते.

ही सेवा सगळ्यांसाठी नाही. टूल विकिमीडियाच्या कामाचंच हवं, कोड मुक्त परवान्याखाली खुला हवा, वापरणाऱ्यांची खासगी माहिती गोळा करायची नाही. दुकानाची साइट किंवा स्वतःचा ब्लॉग इथे ठेवता येणार नाही. काळा टर्मिनल बघून धडकी भरत असेल तर आधी पॉज (पायथनसाठी) आणि क्वॉरी (क्वेरीसाठी) वापरून बघा, दोन्ही ब्राउझरमध्ये चालतात आणि क्वेरीचा हात त्यावरच छान बसतो.

आमच्या टूलला आता तीन मेंटेनर आहेत. त्यातली एक मुलगी अजून शेवटच्या वर्षाला आहे आणि पायथन 3.13 वर नेण्याचं काम तिने घेतलंय. 2027 च्या सिंहस्थात रामकुंड, तपोवन आणि त्र्यंबकेश्वरचे फोटो ढिगाने येतील, त्याआधी तिला ते उरकायचं आहे. वेळापत्रकाची फाइलही तिनेच नीट केली. आता तिथे यूटीसीचे तेवीस तीस लिहिलेत आणि वरच्या ओळीत तिची मराठीत टीप आहे: 'आपले पहाटेचे पाच. बाईंची पहिली गाडी सहाला.'